शेजारचं स्टूल

मंगळवारी सकाळी सातला मोबाइलवर निरोप आला. 'ताई, पीपीटी झाली. एआयकडून करून घेतली. तुम्ही फक्त नजर टाका, शुक्रवारी बँकेत दाखवायचीय.' खाली चौदा स्लाइडची फाइल. पाठवणारे नाना. निफाडकडचे द्राक्षबागायतदार, साठी ओलांडलेले, गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचे अध्यक्ष. कंपनीला पॅकहाउसला लागून प्री-कूलिंग (तोडलेला माल लगेच थंड करायची सोय) आणि कोल्ड स्टोरेज बांधायचं आहे, त्यासाठी कर्ज हवंय.

खरं सांगते, आधी मला हायसंच वाटलं. चौदा स्लाइड उभ्या करायला माझा दीड दिवस जातो, आणि नाना पैसे देतात ते बाग खाली झाल्यावर.

चहा घेता घेता फाइल उघडली. देखणी होती, नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या पानावर दवाचे थेंब असलेला जांभळा घड. (नानांकडे सगळी थॉमसन, म्हणजे हिरवी द्राक्षं.) त्याखाली 'शाश्वत समृद्धीच्या दिशेने एक पाऊल'. मग दृष्टी, ध्येय, मूल्ये. प्रत्येक पानावर तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक गोल चिन्ह, आणि मुद्दे असे की द्राक्षांच्या जागी कुकर विकायला ठेवले असते तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं. सातव्या पानावर बागेच्या कामांचं वेळापत्रक होतं. त्यात एप्रिलमध्ये 'मागील छाटणी', पुढे 'गुच्छ पातळ करणे' आणि 'बेरीचा आकार वाढवणे'. एप्रिलच्या छाटणीला इंग्रजीत बॅक प्रूनिंग म्हणतात हे मला याच धंद्यामुळे ठाऊक, म्हणून कोडं सुटलं. आपल्याकडे ती खरड छाटणी. गुच्छ म्हणजे घड, बेरी म्हणजे मणी, आणि पातळ करणे म्हणजे विरळणी, जिच्यासाठी पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येऊन बागांवर मुक्काम ठोकतात.

नानांनी फाइल वाचलीच नसेल, असं आधी वाटलं. मग लक्षात आलं, वाचली असणार. बँकेची भाषा अशीच असते असं समजून गप्प बसले असणार.

मी हे काम १९९८ पासून करतेय. तेव्हा पीपीटी हा शब्द आमच्या कानावर नव्हता, लोक 'ट्रान्सपरन्सी काढून द्या' म्हणत, म्हणजे प्रोजेक्टरवर ठेवून पडद्यावर दाखवायचं पारदर्शक पान. नाशिकला शालिमारजवळच्या एका गल्लीत डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, लेटरहेड, आणि अधूनमधून कुणा सरांच्या सेमिनारच्या ट्रान्सपरन्सी. त्या पारदर्शक प्लॅस्टिकवर एक वेलांटी चुकली तरी अख्खा कागद वाया. मग मालक काही बोलत नसत, नुसता चष्मा पुसत बसत. ते जास्त लागायचं.

पुढे कधीतरी वाचलं की पॉवरपॉइंटचा जन्मच मुळी ट्रान्सपरन्सीसाठी झाला. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीत ते बनवलं, आधी त्याचं नाव 'प्रेझेंटर' होतं. एप्रिल १९८७ मध्ये ते मॅकिन्टॉशसाठी बाजारात आलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. पहिली आवृत्ती काळ्या-पांढऱ्या पानांपुरती होती. पानं छापायची आणि त्यांच्या ट्रान्सपरन्सी करायच्या. साहेबाने आपल्या स्लाइड आपण कराव्यात, चित्रं काढणाऱ्याच्या दारात ताटकळू नये, असा त्यामागचा विचार. म्हणजे माझ्यासारखीच्या पोटावर पाय द्यायलाच ते निघालं होतं. आणि त्याच्याच जिवावर माझं घर चाललं, सिडकोतला फ्लॅट झाला, मुलीचं शिक्षण झालं. साहेब लोकांना वेळ नव्हता, एवढंच त्या गॅस्किन्सच्या लक्षात आलं नसावं.

एआयचं म्हणाल तर तेही मला तितकंसं नवं वाटत नाही. पॉवरपॉइंट ९७ उघडलं की पहिल्याच खिडकीत 'ऑटोकंटेंट विझार्ड' समोर यायचा. विषय निवडा, दोन-चार प्रश्नांची उत्तरं द्या, की मजकुरासकट आख्खं सादरीकरण हजर. विषयांच्या यादीत एक होता 'वाईट बातमी कळवणे'. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तो उघडून वाचत बसायचे. पगार लांबला की मालकांनी तो वापरायला हरकत नव्हती, असं माझं तेव्हा मत होतं. २००७ च्या आवृत्तीतून तो विझार्ड काढून टाकला. नानांची फाइल बघताना मला त्याची आठवण झाली. नातवाचं नाक आजोबांवर जावं तसं.

आता कुणाला वाटेल, बाई जुन्या वळणाची आहे, यंत्रावर खार खाऊन आहे. तसं अजिबात नाही. वेळ वाचवणारी एकेक युक्ती मी दागिन्यासारखी जमवली आहे. अंबडच्या एका कारखान्यातला क्वालिटीचा पोरगा मला एकदा म्हणाला की कंपनीचा लोगो बदलला म्हणून तो रात्री अकरापर्यंत चौसष्ट स्लाइडवर एकेक करून नवा लोगो चिकटवत होता. मला त्याची दया आली आणि त्याच्या वरिष्ठांचा रागही आला. स्लाइड मास्टर नावाची गोष्ट पॉवरपॉइंटमध्ये कित्येक वर्षं आहे. व्ह्यूमध्ये जायचं, मास्टर उघडायचा, डावीकडचं सगळ्यात वरचं मोठं पान धरायचं, तिथं लोगो, अक्षर, रंग एकदा बसवायचे. चौसष्ट काय नि सहाशे काय, सगळी पानं सुतासारखी सरळ. पण त्याला एक अट आहे आणि ती कुणी सांगत नाही. मजकूर मास्टरने दिलेल्या चौकटीतच लिहायला हवा. लोक करतात काय, ती चौकट पुसून टाकतात, स्वतःची टेक्स्ट बॉक्स ओढतात, आणि मग मास्टरमध्ये अक्षर बदललं तरी पान हलत नाही म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या देतात.

तसंच कंट्रोल-डीचं. एक डबा, म्हणजे चौकोन, काढा, कंट्रोल-डी दाबा, दुसरा डबा हव्या त्या अंतरावर नेऊन ठेवा. पुन्हा कंट्रोल-डी दाबत गेलात की पुढचे डबे त्याच अंतरावर आपोआप रांगेत येऊन बसतात, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या शाळेच्या पोरांसारखे. फॉरमॅट पेंटरच्या ब्रशने एका डब्याचं रंगरूप दुसऱ्यावर चढतं. अलाइन आणि डिस्ट्रिब्यूट ही दोन बटणं तर मी वर टूलबारवर कायमची आणून ठेवली आहेत. आणि वर्डमध्ये हेडिंग वन, हेडिंग टू देऊन मजकूर लिहिलेला असला, तर 'स्लाइड्स फ्रॉम आउटलाइन'मधून ती फाइल उचलली की हेडिंगचे मथळे होतात आणि पोटमुद्दे खाली लागतात. हे दाखवलं की चांगले चांगले मॅनेजर 'अरेच्चा' म्हणतात.

माझा पुण्यातला भाचा मोठ्या सल्लागार कंपनीत आहे. तो थिंक-सेलशिवाय पॉवरपॉइंट उघडतच नाही. बर्लिनच्या कंपनीचं जोड-सॉफ्टवेअर आहे ते. गेल्या वर्षीच्या नफ्यापासून यंदाच्या नफ्यापर्यंत कुठं किती भर पडली, कुठं किती गळती झाली हे पायऱ्यापायऱ्यांनी दाखवणारा तक्ता त्यात दोन मिनिटांत होतो. हाताने करायला मला अर्धा तास लागायचा, आणि एक आकडा बदलला की पुन्हा पहिल्यापासून. तो असंही सांगतो की परदेशातले सल्लागार संध्याकाळी कागदावर पेनाने स्लाइडचा कच्चा आराखडा काढून फोटो पाठवतात आणि इकडची मंडळी रात्रीतून त्याची पक्की स्लाइड करून देतात. म्हणजे माझाच धंदा, फक्त पाटी मोठी.

वेगाने मला एकदा तोंडघशीही पाडलं. एका कारखान्याची दर महिन्याची मॅनेजमेंट रिव्ह्यूची पीपीटी माझ्याकडे असायची. चाळीस पानं, दर महिन्याला तीच, आकडे फक्त नवे. मी हुशारी केली. एक्सेलमधले तक्ते 'पेस्ट लिंक' करून जोडून टाकले. एक्सेलमध्ये आकडे भरा, पीपीटी उघडा, 'अपडेट लिंक्स' म्हणा, झालं काम. दोन दिवसांचं काम वीस मिनिटांवर आलं आणि बिल मात्र मी तेवढंच लावत होते. मग एका महिन्यात मी फोल्डरचं नाव 'एप्रिल'चं 'मे' केलं. जोडणी तुटली. पॉवरपॉइंट बिचारं जुनाच तक्ता दाखवत राहिलं, आणि गिऱ्हाइकासमोर मेच्या मथळ्याखाली एप्रिलचं रिजेक्शन, म्हणजे बाद मालाचं प्रमाण, झळकलं. मेमध्ये ते निम्म्यावर आलेलं, म्हणजे चांगली बातमी होती आणि तीच गेली पाण्यात. त्या साहेबांनी फोनवर एवढंच सांगितलं, 'ताई, पुढच्या वेळी कोपऱ्यात तारीख टाकत चला.' मी त्या महिन्याचं बिल पाठवलं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते स्टुलाबद्दल.

सिडकोतल्या घरी मी काम सुरू केलं तेव्हा टेबलाला लागून एक लोखंडी स्टूल ठेवलं होतं. माणूस काम घेऊन येई आणि त्या स्टुलावर बसे. फाइल ई-मेलने पाठवायची पद्धत तोपर्यंत आली होती, पण अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना स्वतः येऊन बसल्याशिवाय काम होईलसं वाटायचं नाही. मी डबे काढत असायची, ते बघत असायचे. मधे बराच वेळ कुणीच बोलायचं नाही. पंखा, माउसची टिकटिक, खाली भाजीवाल्याची हाळी.

एक वर्कशॉपवाले होते, मी त्यांना भाऊ म्हणायचे. स्वतः लेथवर उभं राहून वर आलेला माणूस. त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकाने गंजलेल्या गिअरची तक्रार केली होती आणि ८डी रिपोर्टची, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण नि उपाय आठ टप्प्यांत मांडणाऱ्या अहवालाची, पीपीटी द्यायची होती. त्यात पाच वेळा 'का' विचारायचं असतं. भाऊंच्या इंजिनिअरने हाताने लिहून दिलं होतं. गंज का? तेल कमी. तेल कमी का? ऑपरेटरचं दुर्लक्ष. दुर्लक्ष का? प्रशिक्षण कमी. उपाय: प्रशिक्षण. नाशिकच्या एमआयडीसीत निम्म्या तक्रारींचा शेवट या प्रशिक्षणावर होतो, हे माझं तेव्हाही मत होतं.

मी प्रोसेसचा फ्लो काढत होते. फोर्जिंग, टर्निंग, हॉबिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, तपासणी. तेव्हा मला कंट्रोल-डीची ती गंमत ठाऊक नव्हती. एकेक डबा ओढायचा, मोजून सारखा करायचा, बाण लावायचा, बाण सुटायचा, पुन्हा लावायचा. भाऊ बघत होते. दहा-एक मिनिटं गेली असतील.

'ती हीट ट्रीटमेंट जरा वेगळ्या रंगात दाखवा,' ते म्हणाले. 'ते आपल्याकडं नाही होत, सातपूरला देतो.'

मी रंग बदलला.

पुन्हा थोडा वेळ गेला. 'तिथून माल टेम्पोने येतो,' ते म्हणाले. आणि मग, स्वतःशीच, 'उघडा टेम्पो.'

बाहेर पाऊस लागलेला होता. तक्रारी सगळ्या जुलै-ऑगस्टच्या होत्या. भाऊ उठलेच. म्हणाले, आजची राहू द्या पीपीटी, मी उद्या येतो. दुसऱ्या दिवशी आले ते ताडपत्रीची पावती घेऊनच.

यात माझी हुशारी काडीची नाही. मला डबे भराभर काढता आले असते तर भाऊ तिसऱ्या मिनिटाला पैसे देऊन जिना उतरले असते, आणि पीपीटीत प्रशिक्षण राहिलं असतं.

२००३ च्या १ फेब्रुवारीला कोलंबिया यान परतताना आकाशात तुटलं, कल्पना चावलासह सात जण गेले, ते आपल्या सगळ्यांना आठवतं. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा सुटून पंखावर आदळला होता. यान वरच असताना इंजिनिअरांनी त्याचा अभ्यास स्लाइडवर मांडला होता. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. त्याच्याखाली मुद्दे, पोटमुद्दे, त्यांचे पोटमुद्दे, आणि सगळ्यात तळाला एक ओळ: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, आणि हा १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. नंतर चौकशी मंडळाने तांत्रिक अहवालाच्या जागी अशा स्लाइडवर भागवण्याच्या सवयीवरच बोट ठेवलं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या कारखानदारांच्या कितीतरी पानांची आठवण झाली. मथळा आधी ठरतो. मग त्याला शोभेल असं खाली लिहीत जायचं, आणि न शोभणारं तळाशी, बारीक अक्षरात.

एआयने केलेल्या पानांशी माझं भांडण असलंच तर ते हे आहे. तिथं मथळा मागायच्या आधीच मिळतो. बाकी सोय म्हणाल तर दंडवत. शब्द टाकले की गॅमा नावाचं एआय मिनिटाभरात पानं उभी करतं, पॉवरपॉइंटमध्ये आता कोपायलट हा एआय मदतनीस आहे, कॅनव्हावर तर आमच्या बिल्डिंगमधल्या बचत गटाच्या बायका पापडाची जाहिरात माझ्यापेक्षा झकास करतात. पूर्वी शिवाजी फॉन्टमध्ये केलेली मराठी पानं दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसायचा. युनिकोड आलं, मुक्तसारखे देखणे फॉन्ट फुकट मिळायला लागले, फाइलमध्येच फॉन्ट बसवून पाठवता यायला लागला, तो त्रास बहुतेक संपला. मी त्या जुन्या दिवसांकडे परत जाणार नाही. एआयने काढलेल्या चित्रातल्या पाटीवर मात्र कधीकधी भलतंच देवनागरी उमटतं. नानांच्या बाराव्या पानावरच्या पॅकहाउसवर जे नाव होतं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

मी नानांना फोन केला. म्हटलं, नजर टाकली, आता तुम्ही या.

'काय चुकलंय का?'

'चुकलं असं काही नाही. या तर खरं.'

बुधवारी दुपारी आले. हातात शेपूची जुडी, दुसऱ्या हातात घडी केलेली छत्री. स्टुलावर हल्ली प्रिंटर असतो. गेल्या पाच-सहा वर्षांत त्याच्यावर कुणी बसलेलं मला आठवत नाही, सगळं व्हॉट्सअॅपवर. प्रिंटर खाली जमिनीवर ठेवला, फडक्याने स्टूल पुसलं.

'बसा नाना.'

नवीन कोरं पान घेतलं. म्हटलं, बागेतून माल निघतो तिथपासून बोटीत चढेपर्यंत काय काय होतं ते काढू या. तोडा, क्रेट, पॅकहाउस, निवड, पनेट (द्राक्षांचं छोटं खोकं), ग्रेपगार्ड (बुरशी रोखणारा कागद), प्री-कूलिंग, कंटेनर, न्हावाशेवा. नाना सांगत गेले, मी डबे काढत गेले. नऊ डबे झाले. वेडेवाकडे पडले होते. वर टूलबारवर अलाइनचं बटण समोरच होतं. मी ते दाबलं नाही. माउसने पहिला डबा धरला आणि हळूहळू सरळ करायला घेतला.

नाना स्क्रीनकडे बघत होते. मग खिडकीकडे. मग पुन्हा स्क्रीनकडे.

तिसरा डबा सरळ होत होता तेव्हा म्हणाले, 'आमच्या त्या कंटेनरचं बोललो का मी तुम्हाला?'

'नाही,' मी म्हटलं आणि चौथा डबा धरला.

चोवीस सालच्या सीझनची गोष्ट. तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले चालले होते, म्हणून बोटी आफ्रिकेला वळसा घालून जात होत्या. रॉटरडॅमला माल पोचायला नेहमीपेक्षा कितीतरी दिवस जास्त लागले. तिकडून फोटो आले. मणी टणक होते, पण देठ वाळून तपकिरी झालेले. भाव पाडून मागितला. 'जास्त दिवस तर सगळ्यांच्याच मालाला लागले,' नाना म्हणाले. 'मग आमचेच देठ का वाळले? मी त्या दिवशीची वही काढून बघितली. प्री-कूलिंग आपलं नाही. भाड्यानं घेतो. तिथं पिकअपची रांग. उन्हात उभा माल.'

'तोडा किती वाजता झाला होता?'

'सकाळी सहाला सुरू.'

'आणि कूलिंगला कधी लागला?'

'रात्री अकराला.' नाना थांबले. 'सतरा तास की हो.'

'ती वही आहे का अजून?'

'आहे ना. पिशवीतच आहे.'

मी एआयची फाइल उघडली, पहिल्या पानावरचा जांभळा घड पुसला, शाश्वत समृद्धी पुसली आणि मथळ्याच्या जागी लिहिलं: तोडा सकाळी ६, प्री-कूलिंग रात्री ११.

नाना पुढे वाकून बराच वेळ ते वाचत राहिले.

'ताई,' ते म्हणाले, 'असलं बँकेत चालतं का?'